गोवा ते लिस्बन: हवेतलं अंतर आणि घरापासून घरापर्यंतचे तास

गोव्यातल्या कितीतरी घरांतलं कुणीतरी आज पोर्तुगालमध्ये आहे. डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला असल्यामुळे काही जण गेले, काही शिकायला, काही नोकरीला. मग एक दिवस तिकडून फोन येतो, "आई, बाबा, या वर्षी तुम्ही इकडे याच," आणि घरात पहिला प्रश्न पडतो तो हाच: लिस्बन आहे तरी किती लांब, आणि जायला तास किती?

सरळ उत्तर आधी देतो. गोव्यातल्या मोपा विमानतळाहून लिस्बनपर्यंतचं सर्वांत जवळचं हवाई अंतर सुमारे ८,३२० किलोमीटर आहे. गोव्याहून तिथे थेट विमान नसल्यामुळे वाटेत निदान एकदा विमान बदलावं लागतं. प्रत्यक्ष हवेत साधारण बारा तास जातात. तिकिटावर चौदा-पंधरा तासांपासून तीस तासांपर्यंत काहीही लिहिलेलं असतं. आणि डिचोलीच्या घराला कुलूप लावल्यापासून लिस्बनमधल्या मुलीच्या दारात पोहोचेपर्यंत, चांगलं तिकीट मिळालं तरी, वीस-एकवीस तास लागतात.

यातला पहिला आकडा कधी बदलत नाही. बाकी सगळे बदलतात, आणि साठी-सत्तरीतल्या माणसाच्या पायांना, पाठीला, औषधांच्या वेळांना जो भार पडतो तो या बदलणाऱ्या आकड्यांचा. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की तिकिटाची किंमत बघण्याआधी कागद-पेन घ्या आणि तास मोजा. कसे, ते पुढे क्रमाने लिहिलं आहे. लिस्बनऐवजी लंडन, टोरांटो किंवा सिडनी असलं तरी रीत हीच.

विमानतळ कुठला, हे आधी पक्कं करा

गोव्यात दोन विमानतळ आहेत. दाबोळी नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. पोर्तुगीज काळात, १९५५ साली तो सुरू झाला. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला. तिकिटावर दाबोळीची खूण जीओआय आणि मोप्याची जीओएक्स. मोबाइलवर तिकीट काढताना नुसतं 'गोवा' लिहिलं की दोन्हीकडची विमानं एकाच यादीत येतात, आणि शेवटच्या एका अक्षराकडे डोळा जात नाही. दोन्ही विमानतळ एकमेकांपासून बरेच लांब आहेत. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर एकाकडून दुसरीकडे जायला दीड तास हाताशी हवा, आणि आंतरराष्ट्रीय विमानाच्या वेळी तो दीड तास कुणाकडे नसतो.

पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरीची माणसं, तशीच सावंतवाडी-दोडामार्गची, यांना मोपा सोयीचा. मडगाव, वास्को, केपे, काणकोणच्या लोकांना दाबोळी जवळ. पणजीकरांना दोन्ही जवळपास सारखे. पण विमान जिथून सुटतं तिथूनच जावं लागतं, त्यामुळे काणकोणच्या माणसाने मोप्याचं तिकीट काढताना घर ते विमानतळ हा प्रवास अडीच तासांचा धरावा. पावसाळ्यात आणखी अर्धा तास. मुलगा "मोप्याहून फक्त चार तासांत दोहा" म्हणतो तेव्हा हे अडीच तास त्याच्या हिशेबात नसतात.

अंतर स्वतः कसं काढायचं

भिंतीवरच्या नकाशावर गोव्यापासून लिस्बनपर्यंत पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया अशी आफ्रिकेच्या उत्तर भागावरून जाते. ही जवळची वाट नव्हे. पृथ्वी गोल आहे, नकाशा सपाट आहे, आणि गोल पृष्ठभाग सपाट केला की अंतरं ताणली जातात. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक गोव्यावर आणि दुसरं लिस्बनवर ठेवून ताणा. दोरा आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो: अरबी समुद्रावरून वायव्येला, ओमानचं आखात, इराणचं आखात, बसऱ्याच्या आसपास इराक, सिरिया, सायप्रस आणि तुर्कस्तान यांच्या मधला समुद्र, अथेन्सच्या अगदी जवळून दक्षिण इटली, सार्डिनियाचं दक्षिण टोक, स्पेनमधलं व्हॅलेन्सिया आणि मग लिस्बन. पृथ्वीवरच्या अशा वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. एकच दिशा धरून नकाशावरच्या सरळ रेघेने गेलं तर अंतर जवळजवळ दोनशे किलोमीटरने वाढतं.

आकडा हवा असेल तर मोबाइलमधलं गणकयंत्र आडवं धरा. साइन-कॉसची बटणं दिसू लागतील. कोन अंशांमध्ये ठेवलेला आहे का, ते एकदा बघा. मग दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहा. मोपा: उत्तर १५.७३, पूर्व ७३.८६. लिस्बन: उत्तर ३८.७७, पश्चिम ९.१३. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: ८२.९९ अंश. दोन्ही पूर्वेला असते तर वजाबाकी.

आता दोन गुणाकार. पहिला, दोन्ही अक्षांशांच्या साइनचा: ०.२७११ गुणिले ०.६२६२, म्हणजे ०.१६९८. दुसरा, दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा आणि रेखांशातल्या फरकाच्या कॉसचा: ०.९६२६ गुणिले ०.७७९७ गुणिले ०.१२२०, म्हणजे ०.०९१६. दोहोंची बेरीज ०.२६१४. या बेरजेचा उलटा कॉस काढला की ७४.८५ अंश येतात. पृथ्वीच्या पाठीवर एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर, म्हणून ७४.८५ ला १११.२ ने गुणा. उत्तर ८,३२३. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे दहा-वीस किलोमीटर इकडे-तिकडे होतात. आपल्या कामाला त्याने काही अडत नाही.

दहावीला त्रिकोणमिती शिकलेली नात घरात असेल तर हे गणित तिच्याकडून करून घ्या. पुस्तकातला साइन-कॉस आजी-आजोबांच्या प्रवासाला उपयोगी पडतो हे बघून तिलाही बरं वाटेल.

इंटरनेटवर तयार आकडाही मिळतो, पण तो कशात दिला आहे ते बघा. काही ठिकाणी ५,१७० लिहिलेलं दिसेल, ते मैल आहेत. एक मैल १.६०९ किलोमीटरचा. विमान चालवणारी माणसं सागरी मैलात बोलतात, १.८५२ किलोमीटरचा एक, त्या हिशेबाने हेच अंतर साडेचार हजारांच्या आसपास येतं. तिन्ही आकडे खरे, अंतर एकच.

विमान बदललं तर अंतर किती वाढतं

मला या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हा भाग, कारण इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. वाटेत दुबईला किंवा दोह्याला उतरायचं म्हणजे मोठा वळसा, असं वाटतं. वरच्याच रीतीने प्रत्येक टप्पा वेगळा मोजून बघा.

गोवा ते दुबई सुमारे २,१९५ किलोमीटर, दुबई ते लिस्बन ६,१३७. एकूण ८,३३२. थेट अंतरापेक्षा जेमतेम दहा किलोमीटर जास्त! दोह्यामार्गे २,५४४ आणि ५,८१२, एकूण ८,३५६. वाढ पस्तीसेक किलोमीटरची. आखाताची ही शहरं गोवा-लिस्बनच्या दोऱ्याखालीच वसलेली आहेत. मुंबई आणि इस्तंबूलमार्गे ३८८, ४,८३५ आणि ३,२११ मिळून ८,४३४, म्हणजे शंभरेक किलोमीटरचा फरक. खरा वळसा पडतो तो दिल्लीमार्गे. गोव्याहून १,४६६ किलोमीटर उत्तरेला दिल्ली, तिथून फ्रँकफर्ट ६,१२०, मग खाली लिस्बनला १,८७४. एकूण ९,४६०, साडेअकराशे किलोमीटर जादा.

तरीही हे साडेअकराशे किलोमीटर म्हणजे विमानाला सव्वा-दीड तासाचं काम. आणि दोह्यात दुसऱ्या विमानाची वाट पाहत अकरा तास बसावं लागलं, तर त्या तासांत विमान आठ-नऊ हजार किलोमीटर तोडून आलं असतं. चार मार्गांच्या अंतरांत फारसा फरक नाही. फरक आहे तो मधल्या थांब्यांत. तिकीट निवडताना नकाशा बाजूला ठेवून थांब्याचे तास बघायचे ते यासाठी.

कुठल्या शहराहून कुठल्या दिवशी विमान आहे हे हंगामाप्रमाणे बदलतं. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरअखेर लागतं, उन्हाळी मार्चअखेर. त्यामुळे गेल्या वर्षी शेजाऱ्यांनी कसा प्रवास केला त्यावर विसंबून राहू नका, आपल्या तारखेची विमानं नव्याने बघा.

हवेतले तास

मोठं प्रवासी विमान उंचीवर गेल्यावर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने जातं. पण अंतराला ९०० ने भागून चालत नाही. धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, चढणं, उतरण्याआधी घिरट्या, उतरल्यावर दारापर्यंत येणं, यात दर उड्डाणाला अर्धा-पाऊण तास जातो. गोवा-मुंबई हे जेमतेम ३८८ किलोमीटर असूनही तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो तो त्यामुळेच. म्हणून दोन उड्डाणांऐवजी तीन झाली की अंतर तेवढंच राहूनही वेळ वाढतो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात उत्तर भारत, अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेच्या पट्ट्यावर त्यांचा जोर असतो. गोव्याहून लिस्बनला जाताना हे वारे तोंडावर येतात, परतताना पाठीशी असतात. माझा अंदाज बांधायचा साधा नियम असा: पश्चिमेला जाताना अंतराला ८०० ने भागा, पूर्वेला येताना ९०० ने, आणि दोन्ही वेळा दर उड्डाणाला पस्तीस-चाळीस मिनिटं मिळवा.

दोहा ते लिस्बनचे ५,८१२ किलोमीटर या नियमाने जाताना आठ तासांच्या जवळ येतात, परतताना सात तासांच्या. गोवा ते दोहा जाताना पावणेचार-चार तास, येताना साडेतीन. तिकिटावरचा आकडा याच्या आसपास असेल तर ठीक. फारच जास्त असेल तर समजा की ते विमान वाटेत कुठेतरी उतरणार आहे किंवा वळसा घेणार आहे.

वळशाचं कारण पुष्कळदा राजकारण असतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांचा वेळ वाढला. त्याच वर्षी २३ जूनला कतारने आपलं आकाश काही तासांसाठी बंद केलं, तेव्हा दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडे वळवावी लागली. गोवा-लिस्बनची सर्वांत जवळची वाट इराक आणि सिरियावरून जाते हे वर सांगितलंच. तिथली परिस्थिती बिघडली की विमानं दुसऱ्या वाटेने जातात. प्रवासाच्या आठवड्यात बातम्या ऐकत राहा आणि कंपनीच्या ॲपवर किंवा संदेशांवर लक्ष ठेवा. लिस्बनला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी बारसं, लग्न किंवा सरकारी कचेरीतली भेट ठेवू नका. मध्ये एक मोकळा दिवस हवाच.

घड्याळांचा गुंता सोडवणं

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. भारत जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. दुबई चार तास, दोहा आणि इस्तंबूल तीन तास, आणि तिथे वर्षभर तेच. पोर्तुगालचं मात्र दोन तऱ्हांचं: हिवाळ्यात जागतिक वेळेइतकंच, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत एक तास पुढे. म्हणजे आपल्याकडे आणि लिस्बनमध्ये थंडीत साडेपाच तासांचं अंतर, उन्हाळ्यात साडेचार. त्यांच्या घरी फोन कधी करायचा याचाही हाच हिशेब.

गुंता सोडवायची युक्ती एकच आहे. सगळ्या वेळा भारतीय वेळेत लिहून काढा.

समजा जुलै महिना आहे. विमान मोप्याहून पहाटे ३:४५ ला सुटतं आणि दोह्यात तिथल्या ५:१५ ला उतरतं. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणून भारतीय ७:४५. चार तास उड्डाण. दुसरं विमान दोह्याच्या ८:०० ला, म्हणजे आपल्या १०:३० ला. मधे पावणेतीन तास. लिस्बनमध्ये उतरायची वेळ तिथली दुपारी २:००. साडेचार तास मिळवले की आपली संध्याकाळ ६:३०. आठ तास उड्डाण. पहाटे ३:४५ ते संध्याकाळी ६:३०, एकूण पावणेपंधरा तास. तिकिटावरच्या पहिल्या आणि शेवटच्या वेळांची नुसती वजाबाकी केली असती तर सव्वादहा तास आले असते, आणि बाबांनी गोळ्या सव्वादहा तासांच्या हिशेबाने बरोबर घेतल्या असत्या.

आणखी एक मोठा सापळा मध्यरात्रीचा. आखाताकडची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१५ तारीख, ००:३०' असेल तर विमानतळावर जायचं ते १४ तारखेच्या रात्री, जेवून. १५ तारखेचा दिवसभर सामान भरत बसून रात्री निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. कालनिर्णयवर १४ तारखेच्या चौकटीत 'आज रात्री निघायचं' असं ठळक लिहून ठेवा. तसंच पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक एक अशी खूण असेल तर पोहोचणं दुसऱ्या दिवशी.

थांब्यावर काय होतं

सर्व टप्पे एकाच तिकिटावर, एकाच आरक्षण क्रमांकाखाली असणं फार महत्त्वाचं. तसं असेल तर सामान गोव्यात दिलं की बहुधा थेट लिस्बनला मिळतं, आणि पहिलं विमान उशिरा पोहोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. वेगवेगळी तिकिटं काढली तर ही जबाबदारी तुमची. मधल्या शहरात बाहेर यायचं, सामान घ्यायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. परदेशातल्या विमानतळावर त्यासाठी तिथला व्हिसाही लागू शकतो. वेगळ्या तिकिटात चार-पाच हजार रुपये वाचतात म्हणून आई-वडिलांना या फेऱ्यात घालू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

एकाच तिकिटावर अडीच ते चार तासांचा थांबा उत्तम. दीड तासाचा थांबा तरुणाला धावत गाठता येतो. गुडघे दुखणाऱ्याला नाही. मुंबईमार्गे वेगळ्या तिकिटांवर जाणार असाल तर निदान पाच-सहा तास ठेवा. गोव्याचं विमान मुंबईत टर्मिनल एकला उतरलं आणि पुढचं टर्मिनल दोनवरून असेल, तर अंतर थोडं असलं तरी रस्त्याने जावं लागतं, आणि अंधेरीची वाहतूक ठाऊकच आहे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाताना पहाटेच्या धुक्यासाठीही वेळ धरा.

काही जण गोव्याहून मुंबईला रेल्वेने किंवा रातच्या बसने जाऊन तिथून विमान पकडतात. पैसे वाचतात हे खरं. पण घर सोडल्यापासूनच्या हिशेबात एक अख्खी रात्र वाढते, आणि पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं, धिम्या गतीचं असतं. ज्यांना हे परवडतं त्यांनी एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढून मग निघावं.

युरोपात कुठे विमान बदलता यावरही वेळ अवलंबून आहे. दोहा किंवा दुबईमार्गे गेलात तर पासपोर्टाची तपासणी लिस्बनला. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर शेंगेन क्षेत्रात (आपसात पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) प्रवेश फ्रँकफर्टला होतो, रांग तिथे लागते, आणि पुढचं लिस्बनचं विमान देशांतर्गत विमानासारखं. म्हणून फ्रँकफर्टचा थांबा तीन तासांपेक्षा कमी नको. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा: शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही, मधल्या थांब्यासाठी वेगळी परवानगी लागेल का ते पैसे भरण्याआधी तपासा.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्या प्रवेशाला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. त्यामुळे पहिल्या खेपेला रांगेत जास्त वेळ धरा. पोर्तुगीज पासपोर्ट असलेला मुलगा बरोबर असेल तर त्याची रांग वेगळी. आई-वडिलांनी त्याच्या मागे न जाता आपल्या रांगेत उभं राहायचं आणि त्याने पलीकडे थांबायचं, हे घरीच ठरवून ठेवा.

आता घरापासून घरापर्यंत

वरच्याच जुलैच्या उदाहरणाला पुढे-मागे जोडू. विमान ३:४५ ला. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचायचं, म्हणजे पाऊण वाजता मोप्यावर. सामान घेणारा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, तो नंतर उघडत नाही. डिचोलीहून मोपा तासाभराचा, रात्रीची वेळ, गाडीत सामान चढवणं, देवाला नमस्कार, शेजाऱ्यांचा निरोप. साडेअकराला दार बंद करा. लिस्बनला उतरणं भारतीय ६:३० ला. पासपोर्ट आणि सामान दीड तास. तिथला विमानतळ शहराला लागूनच आहे, मेट्रोची तांबडी मार्गिका थेट विमानतळापर्यंत येते, सकाळी साडेसहा ते रात्री एक चालते. पाऊण तासात घर. भारतीय वेळेने रात्रीचे पावणेनऊ.

साडेअकरा ते पावणेनऊ म्हणजे सव्वाएकवीस तास. त्यात हवेत बारा.

आता दुसरं तिकीट बघू, मुंबई-इस्तंबूलमार्गे, दोन वेगळ्या तिकिटांचं. घरून विमानतळावर तास, तिथे दोन तास, मुंबई सव्वा तास, तिथे साडेपाच, इस्तंबूल सात, तिथे तीन, लिस्बन पावणेपाच, आणि उतरल्यावरचे सव्वादोन. पावणेसत्तावीस तास. अंतर दोह्याच्या वाटेपेक्षा ऐंशीच किलोमीटर जास्त, वेळ साडेपाच तास जास्त. हे तिकीट किती रुपयांनी स्वस्त आहे ते बघा, साडेपाचाने भागा, आणि तेवढ्या पैशांसाठी आईला विमानतळाच्या खुर्चीत एक-एक तास बसवायचं का, ते तुम्हीच ठरवा.

औषधं, पाय आणि झोप

पश्चिमेला जाताना दिवस साडेचार ते साडेपाच तासांनी लांबतो. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं असतील तर भारतीय वेळांचा तुमचा कागद डॉक्टरांना दाखवा आणि गोळी किंवा इन्शुलिन कधी घ्यायचं ते त्यावरच लिहून घ्या. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्शुलिन खालच्या सामानात कधीच देऊ नका. चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगा, निदान दोन दिवस आधी. ती मागण्यात कमीपणा नाही. मोठ्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंतचं चालणं अर्धा तासाचंही असतं.

आठ तासांच्या उड्डाणात दर तासा-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. कडेची जागा मागा, म्हणजे उठताना कुणाला उठवावं लागणार नाही.

लिस्बनला दुपारी पोहोचलात तर लगेच झोपू नका. तिथे उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो. बाहेर फेरी मारा, हलकं जेवा आणि तिथल्या रात्री झोपा. तरी पहिले काही दिवस पहाटे तीन-चारला जाग येईलच. ती येऊ द्या.

परतीचा हिशेब

परतताना वारा पाठीशी. समजा लिस्बनहून दुपारी ३:३० ला निघालात; उन्हाळा, म्हणून आपल्याकडे रात्रीचे ८:००. सात तासांनी दोहा, भारतीय पहाटे ३:००. दोन तास थांबून ५:०० ला निघालं की साडेतीन तासांत, सकाळी ८:३० ला मोपा. एकूण साडेबारा तास, जाण्यापेक्षा सव्वादोन तास कमी. त्यातला सुमारे दीड तास वाऱ्याने वाचवला, पाऊण तास थांबा लहान असल्यामुळे.

पण पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते आणि शरीराला हा उलटा बदल जास्त जड जातो. लिस्बनला घड्याळात पहाटेचे चार असताना तुम्ही मोप्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ उभे असता. त्यामुळे त्याच दिवशी स्वतः गाडी चालवत घरी जाण्याचा विचार सोडा. न्यायला कुणाला तरी बोलवा, आणि त्याला साडेआठ नव्हे, साडेनऊची वेळ सांगा.